अंधाराचा वांटा

प्रवासास निघालेल्या मनुष्यास पूर्वीं दोन गोष्टींची काळजी असे. एक शिध्याची आणि दुसरी उतरण्याच्या जागेची. आतां तिसरी एक वाढली आहे. पाहिलेलें दृश्य पाहिलें तसें घरीं कसें न्यावें, ही ती काळजी होय. देवळाचें छायाचित्र काढावें आणि मग तें न्याहाळून खट्टू व्हावें, हा अनुभव आमच्याप्रमाणें वाचकांपैकीं पुष्कळांना असेल. आकाश नीट आलें तर देऊळ काळें ठिक्कर पडतें. देवळाचें कोरीवकाम उमटलें तर आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें होतें. आपल्याला तर दोन्ही दिसलेलीं असतात. मग खोटें कोण, डोळा कीं यंत्र?

औंधास गेलें म्हणजे या प्रश्नाची टोंचणी विशेष लागते. सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांतलें हें गांव एके काळीं पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होतें. डोंगरावर यमाईचें मूळपीठ आहे आणि चढणीच्या वाटेवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं उभारलेलें श्री भवानी संग्रहालय आहे. भर दुपारीं गाभाऱ्यांतील देवीची काळ्या पाषाणाची मूर्ति पाहून बाहेर आलें कीं क्षणभर डोळे दिपतात. आंतल्या आणि बाहेरच्या उजेडांत हजारों पटींचें अंतर असतें. तरी डोळा तें निभावून नेतो, कारण तो सगळें एकदम पाहतच नाहीं. कोपऱ्याकडे वळला कीं तो तेथल्यापुरता उघडतो, कळसाकडे वळला कीं आकसतो. आणि असे अनेक तुकडे जोडून मन आपलें एक चित्र तयार करतें. यंत्र बिचारें एकाच मापानें सर्व मोजतें.

या अडचणीवर जो उपाय निघाला आहे त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून एचडीआर म्हणतात. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून एकाच दृश्याचीं तीन किंवा पांच छायाचित्रें घ्यावयाचीं. एकांत प्रकाश कमी, एकांत बेताचा, एकांत अधिक. पहिल्यांतून आकाश घ्यावयाचें, शेवटच्यांतून सावलींतील कोरीवकाम घ्यावयाचें, आणि संगणकाच्या साह्यानें त्यांचें एक चित्र करावयाचें. कल्पना अगदीं नवी नाहीं. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५० नंतरच्या दशकांतच समुद्रासाठीं एक निगेटिव्ह आणि आकाशासाठीं दुसरी घेऊन दोहोंचें एक चित्र छापलें होतें. पुढें १९९७ सालीं पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनीं अशा अनेक छायाचित्रांवरून दृश्यांतील प्रकाशाचें प्रमाण गणितानें काढण्याची रीति प्रसिद्ध केली. आतां तर खिशांतला फोनही न सांगतां हें काम उरकून टाकतो.

येथवर तक्रारीस जागा नाहीं. परंतु शक्ति हातीं आली कीं विवेक सुटण्याचा संभव असतो. कित्येक चित्रांत सावली म्हणून औषधालाही उरत नाहीं. दगड मेण चोपडल्यासारखा तुकतुकतो, ढग तापल्या तांब्यासारखे दिसतात, कळसाभोंवतीं नसलेल्या तेजाची कड उमटते, आणि गाभारा अंगणाइतकाच लख्ख होतो. ज्याला गाभारा अंगणासारखा दिसला, त्यानें गाभारा पाहिलाच नाहीं, असें आम्हांस वाटतें. अशा वेळीं संग्रहालयांत शिरून रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’पुढें थोडें थांबावें. संग्रहालय उभारणारे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. चित्रकाराच्या पेटींतील पांढऱ्या रंगास सूर्याचें तेज कोठून येणार? तो शेजारची छाया गडद करतो, आणि तेवढ्यानें उजेड हा उजेड वाटूं लागतो. थोड्या साधनांत मोठा प्रकाश बसविण्याची युक्ति त्याला आधींपासून ठाऊक होती. मात्र तींत छायेचा वांटा त्यानें कधीं बुडविला नाहीं.

रात्रीच्या आकाशाचा प्रश्न याहून अवघड आहे. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षां सूर्याचा प्रकाश सुमारें चार लाख पट. तारकांचा उजेड तर चंद्राहूनही कितीतरी कमी. म्हणून भिंग वीस-पंचवीस सेकंद उघडें ठेवावें लागतें. त्याहून फार अधिक ठेवलें तर पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरत असल्यामुळें ताऱ्यांच्या रेघा होतात. तेव्हां आकाशाचीं अनेक छायाचित्रें घेऊन तीं एकावर एक बसवितात, आणि खालचा डोंगर पुष्कळदां संध्याकाळच्या उजेडांतच वेगळा टिपून ठेवतात. आमच्या एका तरुण स्नेह्यांनीं औंधच्या डोंगराचें असें चित्र आम्हांस दिलें. त्यांतली आकाशगंगा जांभळ्या-केशरी रंगांनीं पेटलेली आहे. तें आमच्या दिवाणखान्यांत लागलें आणि आमच्या नातीनें तेंच आकाश पाहण्याचा हट्ट धरला.

म्हणून माघी अमावास्येच्या सुमारास आम्ही सहकुटुंब औंधास गेलों. संध्याकाळीं उत्तरेस ध्रुव क्षितिजापासून साडेसतरा अंशांवर, म्हणजे गांवाच्या अक्षांशाइतकाच वर होता. दक्षिणेस अगस्त्य जवळजवळ तितकाच वर तळपत होता. पहाटे पुन्हां माळावर जाऊन उभे राहिलों. वृश्चिकाची नांगी वर आली, मागून धनु आली, आणि त्यांमधून एक धुरकट पट्टा दिसूं लागला. नात म्हणाली, "आजोबा, खरं आकाश फिकंच आहे हो!"

हें वाक्य आमच्या जिव्हारीं लागलें. चित्र सुंदर होतें आणि खोटेंही नव्हतें. पण त्यानें या पोरीच्या मनांत खऱ्या आकाशास उणें ठरविलें होतें. आम्हीं तिला सांगितलें कीं, डोळा क्षणाच्या अंशापुरताच प्रकाश सांठवितो, कॅमेरा वीस सेकंद सांठवितो. आणि अंधारांत पाहणाऱ्या नेत्रपेशींना रंग कळत नाहींत. त्या पेशी पुऱ्या जाग्या व्हावयास वीस मिनिटें ते अर्धा तास लागतो, आणि फोनच्या एका झगझगाटानें तें सारें फुकट जातें. मग सर्वांचे फोन पिशवींत गेले. कोणी फारसें बोललें नाहीं. कांहीं वेळानें तीच हळूच म्हणाली, "त्या पट्ट्यामध्ये काळी फट आहे." ती फट म्हणजे ताऱ्यांचा उजेड अडविणारे धुळीचे प्रचंड मेघ होत. भिंतीवरच्या चित्रांतही ती होती. परंतु रंगांच्या गर्दींत तिकडे तिचें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

छायाचित्रकारांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या यंत्रास दिसलेले रंग खरोखरच आहेत आणि ते आम्हांस त्यांच्यामुळेंच कळले. मागणें एवढेंच कीं, चित्र किती वेळांचें आणि किती तुकड्यांचें आहे हें त्याखालीं दोन ओळींत सांगावें, आणि सावलीला तिची जागा द्यावी. गांवोगांवच्या कारभाऱ्यांजवळही एक मागणें आहे. रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झांपण असावें, म्हणजे उजेड वाटेवर पडेल आणि आकाश मोकळें राहील. उणा पडलेला उजेड जोडून घेण्याची विद्या आपणांस साधली आहे. पण क्षितिजावर चढत चाललेल्या दिव्यांच्या लालीखालीं बुडालेला अंधार परत आणून देईल असा संगणक आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.