दुपट्याचे दोन पदर

दुपटे म्हणजे तान्ह्या मुलाला गुंडाळायचे दुपदरी सुती वस्त्र. विकतचे कोरे कापड त्याला चालत नाही. आजीचे नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे धुऊन विरत आले, की त्यातला धड भाग काढून दोन पदर एकावर एक ठेवतात आणि कडेने धावदोरा घालतात. पहिल्या मुलासाठी ते बाळंतविड्यात येते, झबली, टोपडी आणि कुंचीच्या जोडीने. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होत असल्याने शिवणारे हात आईच्या आईचे असतात.

वर्षभरात मूल दुपट्यात मावेनासे होते, पण दुपटे सोडत नाही. त्याचा कोपरा गालाशी धरल्याशिवाय झोप लागत नाही. ते धुवायला टाकले की वाळत घालायच्या दोरीखाली रडारड. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्ये अशा वस्तूंवर निबंध वाचला. त्यांच्या मते मुलाची ही पहिली मालकीची चीज. आई दिसेनाशी झाली की मूल हिच्या आधाराने निभावून नेते. ती धुतल्यावर वास जातो आणि मुलाच्या दृष्टीने वस्तूच बदलते, हेही त्यांनी टिपले होते. आज्यांना हे निबंधाविना ठाऊक असते. दुपटे धुवायचे ते मूल झोपल्यावर.

दुसरे मूल होते तेव्हा या मालकीला पहिला धक्का बसतो. नव्या बाळाला सुरुवातीला कोरे कपडे घालू नयेत, मोठ्या भावंडाचे जुने घालावेत, अशी अनेक घरांत रीत आहे. दृष्ट लागू नये म्हणून, असे सांगतात. खरे कारण कापडाचा मऊपणा असावा. रीत शहाणपणाची आहे, फक्त तीन वर्षांच्या मालकाला कोणी विचारलेले नसते. तोवर बाळ ही नुसती बातमी होती. आता ते त्याच्या दुपट्यात, त्याच्या आईच्या मांडीवर दिसते. बारशाला आलेली माणसे पाळण्यात वाकून बघतात आणि जाताना मोठ्याचा गाल ओढून ‘आता तू दादा झालास हं’ म्हणतात. पद मिळते, मांडी जाते. मराठीत धाकट्याला ‘पाठचे’ भावंड म्हणतात. मोठ्याच्या लेखी ते अगदी समोर येऊन बसलेले असते.

मग पेल्याने पिणारे मूल बाटली मागते, बोबडे बोलते, अंथरूण ओले करते. घरचे याला हेवा म्हणतात, पण तो शब्द तोकडा आहे. जुडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी केंब्रिजमधल्या ४० कुटुंबांत दुसऱ्या मुलाच्या जन्माआधीपासून पाहणी केली; तिच्यावरचे पुस्तक १९८२ मध्ये आले. आई बाळात गुंतली की मोठ्याच्या खोड्या वाढत, असे त्यांना दिसले. म्हणजे तक्रार बाळाविरुद्ध कमी, आईच्या वळलेल्या तोंडाविरुद्ध अधिक. ज्या घरांत आई मोठ्याशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत असे, त्याला भूक लागली असेल का, तो का रडतो, तिथे पुढे भावंडांचे अधिक जमले.

एखादी आजी याहून सोपी वाट काढते. धावदोरा उसवून दुपट्याचे दोन पदर सुटे करते आणि कोणता पदर बाळाला द्यायचा, हे मोठ्याला ठरवू देते. एकेरी कापड लवकर फाटते, ही आईची कुरकुर खरीच असते. पण स्वतः दिलेली वस्तू परत मागायला मूल जरा बिचकते. पुढचे काही महिने ते पाळण्याची दोरी ओढते, लंगोट आणून देते, पाहुण्यांना ‘हे आमचं बाळ’ म्हणून दाखवते. बाळ रांगून खेळण्यांपर्यंत पोचले, की भांडणाचा दुसरा अंक सुरू होतो, आणि तो पहिल्यापेक्षा बराच लांबतो.

दोन्ही पदर अखेर चिंध्या होतात. त्या टाकत नाहीत. जुन्या लुगड्यांबरोबर गोधडीच्या पोटात जातात. वरून दिसत नाहीत. गोधडी झिजून एखादी शिवण सुटेल, तेव्हा विटलेला रंग डोकावतो. तोवर रात्री दोघे त्याच गोधडीखाली झोपतात आणि पहाटेच्या थंडीत ती आपापल्या बाजूला ओढत राहतात.