चाळीसचा दिवा

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. विज्ञान सोडून इकडे कसे वळलात, असे कोणी विचारले, की ‘साहित्याची ओढ!’ असे उत्तर मी आजवर देत आलो. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे असे, की पहिल्या वर्षी विजेच्या पेपरात मी नापास झालो होतो. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. परवापरवापर्यंत तरी!

आमची कन्या यंदा विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. विजेच्या पेपराला चार दिवस उरले होते. रात्री अकराला मी तिच्या खोलीत डोकावलो, तो बाईसाहेब येरझारा घालीत ओहमचा नियम घोकीत होत्या : “तापमान कायम असता विद्युत्प्रवाह विभवांतराच्या प्रमाणात असतो...” सूर तोच, वेग तोच आणि डोळ्यांतली भीतीही तीच! पंचवीस वर्षांपूर्वीचा मीच तिथे फिरतो आहे असे वाटून माझ्या पोटात गोळा आला.

“वही मीट,” मी म्हणालो, “आणि मला शिकव.”

“बाबा, तुम्हांला यातलं काय कळतंय?”

“काहीच नाही. म्हणून तर!”

मी कागदावर तंतूचे दोन जुने दिवे काढले. दोन्ही २३० व्होल्टचे. एक ४० वॉटचा, दुसरा १०० चा. एकामागून एक, म्हणजे एकसर जोडले, तर कोणता अधिक उजळेल?

“शंभरचा!” ती हसून म्हणाली.

“का?”

तिने तोंड उघडले आणि तसेच मिटले. मग मुकाट्याने पेन्सिल घेतली. व्होल्टच्या वर्गाला वॉटने भागले : ४० च्या दिव्याचा रोध सुमारे १३२२ ओहम, १०० च्या दिव्याचा ५२९. एकसर जोडणीत प्रवाह दोघांतूनही तेवढाच, सुमारे ०.१२४ अँपिअर. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : एकाला २० वॉट, दुसऱ्याला जेमतेम ८.

“अगं बाई! चाळीसचाच की!”

“पण पहिला दिवा थोडा प्रवाह खात नाही का?”

“छे! प्रवाह कुठे खर्च होतो? जितका आत जातो तितकाच बाहेर पडतो. खर्च होते ती ऊर्जा.” एवढे बोलून ती थबकली. “थांबा हं. हे आकडे अंदाजी आहेत. दिवे पुरते तापणारच नाहीत, मग रोध कमी होईल. शंभरचा तर अधिकच थंड राहील. म्हणजे निकाल तोच... बाबा, ‘तापमान कायम असता’ म्हणतात ते यासाठी!”

तासभर घोकलेल्या तीन शब्दांना त्या क्षणी अर्थ आला होता.

“प्रवाह खाल्ला जातो, असं कोणाला वाटेल हो?” तिने विचारले.

“मला वाटलं होतं,” मी म्हणालो, “आणि तेच पेपरात लिहून मी नापास झालो.”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “तुम्हांला तेव्हा कोणी ‘का’ असं विचारलंच नाही?”

पुढचे चार दिवस आमचा एकच क्रम होता. आधी आकृती, मग दिलेल्या राशी एककांसह, मग उत्तराचा अंदाज आणि शेवटी गणित. अंदाज आणि उत्तर जुळले नाही, की चूक शोधायची. सकाळी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका. संध्याकाळी मी विद्यार्थी आणि ती शिक्षिका. रात्री दहाला दिवा बंद! पेपराला जाताना ती वाकून नमस्कार करून गेली; निकाल अजून लागायचा आहे.

तिचा तो प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. गेली कित्येक वर्षे मी वर्गात टिपणे सांगतो, मुले उतरून घेतात आणि परीक्षेत माझीच वाक्ये मला परत करतात. त्यांना मी तरी कधी ‘का’ म्हणून विचारले होते?

सोमवारी वर्गात गेलो. टिपणांची वही उघडली, क्षणभर पाहिली आणि मिटली. पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणालो, “ही कविता तू मला शिकव.”

तो घाबरून उभा राहिला. मी वाट पाहत थांबलो.