जेवलास का?

मगरिबनंतर रामवाडीतल्या आमच्या घरी सगळ्यांचा एकत्र चहा होतो. तीन वर्षांपूर्वी आमचा धाकटा, वय 19, त्या चहाला येईनासा झाला. कॉलेजातून आला की मोबाईल घेऊन दार लावून घ्यायचा. पेणला ज्या मित्राच्या गणपतीच्या कारखान्यात तो लहानपणापासून रमायचा, त्याच्याशी बोलणं तोडलं. एके दिवशी आम्हालाच म्हणाला, "तुम्हाला दीन कळलाच नाही." आम्ही रागावलो, मोबाईल काढून घेतला. त्याने कुठूनसा दुसरा मिळवला.

आम्हाला कल्याणची मुलं आठवली आणि झोप उडाली. मे 2014 मध्ये तिथले चार तरुण जियारतीच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून इसिसच्या गोटात शिरले. मुलं शिकलेली, घरं खाऊनपिऊन सुखी. त्यांतला अरीब मजीद तर आपल्या पनवेललाच इंजिनिअरिंग करत होता. नोव्हेंबर 2014 मध्ये तो तुर्कस्तानमार्गे परतला. तिथे पाणी भरण्याची, साफसफाईची कामं करावी लागली, असं त्याने तपासात सांगितल्याच्या बातम्या आल्या. परतल्याबरोबर अटक झाली. तुरुंगातून जामिनावर सुटायला 2021 उजाडलं.

शेवटी आम्ही मुलाच्या मामूंना बोलावलं. त्यांनी उपदेश केला नाही. तीन दिवस नुसते त्याच्या खोलीत झोपले, त्याच्याबरोबर जेवले. चौथ्या रात्री मुलाने स्वतःच मोबाईल पुढे केला.

कुणी अनोळखी माणूस रोज निरोप पाठवत होता. सुरुवातीला लढाईचा शब्दही नाही. "जेवलास का? उदास का आहेस?" मग मालेगावची गोष्ट. ती खरीच होती. 2006 च्या स्फोटांत पकडलेली आपली मुलं पाच वर्षं तुरुंगात राहिली आणि 2016 मध्ये आरोपमुक्त झाली. त्या खऱ्या दुःखाला त्याने सूडाचा खोटा इलाज जोडला. आणि शेवटी ताकीद: घरी काही सांगू नकोस.

देवबंदच्या उलेमांनी 2008 मध्येच दहशतवाद इस्लामविरोधी ठरवला, हे मशिदीत आम्ही ऐकलं होतं. पण मुलाचे प्रश्न कुणी ऐकले नव्हते. मामू त्याला इमामसाहेबांकडे घेऊन गेले. कित्येक संध्याकाळी तो वाद घालत राहिला, इमामसाहेब न चिडता उत्तरं देत राहिले. मालेगावचा अन्याय त्यांनी नाकारला नाही. निरपराधाचा जीव घेऊन तो फिटत नाही, एवढं मात्र पुन्हा पुन्हा समजावलं.

पुढे त्याने नंबर बदलला. एका रविवारी न सांगता कारखान्यात गेला आणि हाताला रंग लावून परतला. आम्ही काही विचारलं नाही, चहा पुढे केला.

अजूनही तो कधी कधी गप्प होतो, आणि आमचं काळीज धडधडतं. पण आता आम्ही ओरडत नाही. जे परक्याने विचारलं, ते आम्ही आधी विचारतो. अल्लाह सगळ्यांची लेकरं सलामत राखो. आमीन.