पेटीसमोरची वही

१८ मार्च
सातेरी मधमाश्यांची वसाहत आज परसात आली. जावळीच्या डोंगरात जांभूळ फुललंय, म्हणून काकांनी हीच वेळ धरली. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. जाताना एक वही दिली. म्हणाले, "दिसलं ते पानावर लिही. वाटलं ते समासात."

२ एप्रिल
सकाळी ८ ते ८.१०. पायांना परागाच्या गोळ्या लावून ४१ माश्या आत गेल्या.
ऊन पाठीवर घेऊन चौकट उचलली आणि पहिल्यांदा अंडी दिसली. कोठडीच्या तळाशी, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढी. ताजं अंडं उभं असतं, तिसऱ्या दिवसापर्यंत आडवं होतं. आजची उभी होती. राणी शोधत बसले नाही.
समासात : ती आहे.

९ मे
हिरड्याचा बहर ओसरला. मधकोठीतल्या तीन चौकटी मेणाने बंद झाल्यात. दोनच काढल्या. एक त्यांच्या पावसाळ्यासाठी.

२७ जून
झड लागलीय. दहा मिनिटांत पराग घेऊन एकच माशी आली. साखरेचा पाक अंधार पडल्यावर ठेवला. दिवसा ठेवला तर बाहेरच्या माश्या लूट करतात.
समासात : पावसामुळे.

९ जुलै
तासभर उघडीप. अंडी नाहीत. कडेच्या दोन पोळ्यांवर माश्याच नाहीत. तळफळीवर मेणाचा भुगा.
समास कोरा.

१९ जुलै
पेटी रिकामी. आत एकही मेलेली माशी नाही, मधाचा थेंब नाही. पोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्यांची जाळी. वसाहत घर सोडून गेली.

२० जुलै
रात्री वही पहिल्यापासून वाचली. ४१, मग १, मग अंडी नाहीत, मग भुगा. सगळं माझ्याच अक्षरात होतं. 'पावसामुळे' लिहिलं आणि तिथेच थांबले. काका म्हणाले, "माश्या कमी झाल्या की रिकामी पोळी काढून घ्यायची. जेवढी झाकता येतील, तेवढीच ठेवायची." हे काम २७ जूनचं होतं. आता दर रविवारी मागची पानं वाचणार.

१४ सप्टेंबर
पेटी खरवडून, ऊन देऊन, आतून मेण चोळून ठेवलीय. बांधावर सोनकी पिवळीधमक. सकाळी ८ ते ८.१०, सोनकीवर ७ माश्या, सातेरीच.
समासात : किलोमीटरभरात कुठेतरी वसाहत आहे.