अठ्ठेचाळीस खळगे

केवढी ही पोरं! डेंगफेंग शहराच्या कडेला, पहाटेच्या अंधारात, मैदान दिसायच्या आधी आवाजच कानावर आला. हजारो पावलं एका ठेक्यात धावताहेत! चीनच्या हेनान प्रांतातली हाडं गोठवणारी थंडी, मागे सोंगशान पर्वताची काळी दातेरी रांग आणि समोर लाल जाकिटांचा पूर. आषाढीच्या वाटेवर दिंडीमागून दिंडी येतच राहते, तसं इथे पथकामागून पथक. कुंगफूच्या अशा निवासी शाळा या गावात कितीतरी आहेत. त्यांतल्या एकट्या तागौमध्ये तीस हजारांहून जास्त मुलं शिकतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात ताइची करणारे ते २००८ जण याच शाळेचे.

शिट्टी वाजते. सगळं मैदान थबकतं. आता कोलांट्या, आता हवेतल्या लाथा, म्हणून मी डोळे ताणले. पण नाही! मुलांनी पाय फाकले, गुडघे वाकवले, मांड्या जमिनीला समांतर आणल्या, मुठी कमरेशी घेतल्या आणि घोड्यावर मांड ठोकल्यासारखी तशीच उभी राहिली. हा मा-बू. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलावर माझी नजर खिळली. मांड्या लटलट कापताहेत, त्या थंडीत डोक्यातून वाफा निघताहेत. तो कोसळतो. कुणी ओरडत नाही. तो उठतो, पुन्हा मांड धरतो.

सिनेमातल्या उड्यांहून मला हे नुसतं उभं राहणंच जास्त थरारक वाटलं. उडी घेताना भ्यायला वेळ कुठे असतो? इथे मात्र मन क्षणोक्षणी 'सोड' म्हणत असतं आणि तेवढ्याच वेळा त्याला नकार द्यावा लागतो. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोरांकडून बैठकांवर बैठका काढून घेतात, तेही केवळ मांड्यांसाठी नसावं.

मग शाओलिन मंदिर. इ. स. ४९५ मध्ये स्थापलेलं, लाल भिंतींचं. अंगणातल्या गिंको वृक्षांच्या सालीवर बोटभर भोकं; भिक्षूंनी बोटं मारमारून पाडलेली, असं सांगतात. भिक्षू एकच हात छातीशी धरून नमस्कार करतात. एका भित्तिचित्रात गोरे आणि सावळे भिक्षू जोडीनं दोन हात करताहेत. सावळे पाहून ऊर भरून आला, कारण इथला आद्य गुरू बोधिधर्म दक्षिण भारतातून आला, असं परंपरा मानते. वरच्या डोंगरातल्या गुहेत तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला होता म्हणे!

आणि शेवटी सहस्रबुद्ध मंडप. १९२८ च्या आगीत मंदिराचा मोठा भाग जळाला, हा मंडप वाचला. तीन भिंतींवर पाचशे अर्हतांचं प्रचंड चित्र, रंग अजून ओले वाटावेत असे. पण मी पाहत राहिलो ती जमीन. विटांच्या फरशीत ओळीनं ४८ खळगे! कुणी खणलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंनी सरावात एकाच जागी पाय आपटले, तिथे जमीन खचली. आमच्याकडे विहिरीच्या काठावर दोरानं दगड झिजलेला पाहिला होता. पण माणसाच्या पावलांनी फरशी इतकी खोल जावी?

तिकडे गेलात, तर पर्यटकांसाठीचे तलवारबाजीचे खेळ पाहून परत फिरू नका. पहाटे उठून शाळेच्या कुंपणाशी उभे राहा, मा-बूत कापणारी ती मुलं पाहा, आणि मगच या मंडपात पाऊल टाका.