कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही शिकवण आपल्या व्यापारी घरांत मुलांना दुकानाच्या गादीवरच मिळते. लग्नानंतर अमेरिकेत आलेली मी पन्नाशीत आपण होऊन ती पायरी चढले, तेव्हा सांगलीहून सासूबाईंनी विचारले, "अगं, परक्याच्या घरच्या भानगडीत तू कशाला पडतेस?"

मी म्हणाले, "ते मूल कुठे आपण होऊन कोर्टात आलेले असते?"

छळ किंवा हेळसांड झाल्यावरून मूल सरकारच्या ताब्यात जाते, तेव्हा वकील आणि समाजसेवक असतात. पण प्रत्येकापाशी प्रकरणांचा ढीग. सिअॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना अपुऱ्या माहितीवर मुलांचे भवितव्य ठरवणे सलत होते. १९७७ मध्ये त्यांनी सामान्य नागरिकांना शिकवून मुलांच्या वतीने उभे केले. 'कासा' नावाची ही व्यवस्था आज तेथील बहुतेक राज्यांत आहे. स्वयंसेवकाकडे एका वेळी एखाददुसरेच प्रकरण असते.

आरंभीचे प्रशिक्षण तीस तासांचे. त्यात कलमे थोडी, पाहण्याची शिस्त अधिक. आम्हाला एका काल्पनिक घराचे वर्णन दिले होते : खरकट्या भांड्यांचा ढीग, फ्रिज जवळजवळ रिकामा, तीन मुले, नुकतीच कामावरून आलेली आई. वर्गात कोणी लिहिले, "आई निष्काळजी." प्रशिक्षिकेने शांतपणे विचारले, "हे पाहिले, की ठरवले? पगार उद्या होणार असेल तर?" गरिबी निराळी, हेळसांड निराळी, त्यांची गल्लत झाली तर मूल विनाकारण आईला पारखे होते. रोजमेळात अंदाजाची रक्कम मांडत नाहीत, तसेच अहवालात तारीख, वेळ, पाहिलेले आणि ऐकलेले तेवढेच.

माझ्याकडे आलेल्या मुलाविषयी येथे एक अक्षरही लिहिणार नाही. ते गुपित घरच्यांपासूनही राखावे लागते. हे ओझे एकटीने पेलवत नाही, म्हणून प्रत्येक स्वयंसेवकामागे संस्थेचा पगारी मार्गदर्शक असतो. तो अहवाल तपासतो, आणि भेटीनंतर मन अस्वस्थ झाले तर ऐकूनही घेतो. असा आधार नसला की स्वयंसेवक मध्येच काम सोडतात. आणि अनेकांनी आधीच सोडलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातो.

भारतातही पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत पीडित मुलाला तपासात व खटल्यात साथ देणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद आहे. बालकल्याण समिती तिची नेमणूक करते. आपल्या घरांतून अशा कार्यांना देणग्या जातात. देताना एवढे अवश्य विचारावे : स्वयंसेवक किती जमवले यापेक्षा टिकले किती, आणि त्यांना सांभाळणारे कोण आहे?