तुझे म्हणणे काय होते?

थोरले बंधू नागपूरला, धाकटे इंदूरला. दोघेही निवृत्त. आयुष्यभर कधी भांडले नाहीत. गेल्या दिवाळीनंतर मात्र घरच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्यांनी कुणाकडून तरी आलेला एक मजकूर पुढे पाठवला. धाकट्यांनी लिहिले, 'दादा, हे खरे नाही.' एवढेच! पण सुना-नातवंडांसमोर आपला पाणउतारा झाला, असे दादांना वाटले. मध्यरात्रीपर्यंत शब्दाला शब्द लागत गेला. मूळ विषय बाजूला राहिला आणि वडिलांच्या घराची जुनी वाटणी निघाली. नंतर दोन्ही घरांचे बोलणेच थांबले.

हेच दोघे ओसरीवर बसून वाद घालत असते, तर असे झाले असते का? आवाज चढताच वहिनी चहा घेऊन मध्ये आली असती. भावाचा उतरलेला चेहरा दिसला असता. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. वाचणाराच आपल्या मनातला सूर त्याला लावतो. पडद्याआड माणसाचा संकोच कसा गळून पडतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली मांडले. त्यात भर बघ्यांची. चार जण पाहत असले, की माघार घेणे जिवावर येते.

खरे तर आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वीच सांगून ठेवले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द मराठीत रुळला, पण मूळचा वाद मात्र आपण विसरलो.

शाळेत तरी तो शिकवतात का? वक्तृत्व स्पर्धेत 'विज्ञान : शाप की वरदान' यावर मुले तावातावाने बोलतात आणि ढाल जिंकतात. 'तुझे मला पटले' म्हणणाऱ्याला मात्र गुण नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. त्यांत चिकित्सक विचार, दुसऱ्याच्या भावना जाणणे आणि स्वतःच्या भावना आवरणे यांचाही समावेश आहे. यासाठी वेगळे पुस्तक कशाला हवे? आठवड्यातला एक तास पुरे. नियम एकच : दुसऱ्याचे खोडण्यापूर्वी त्याचे म्हणणे असे मांडायचे, की तो म्हणेल, 'हो, मला हेच म्हणायचे होते.' आपल्याकडे यालाच पूर्वपक्ष म्हणत.

दादांच्या नववीतल्या नातीला तिच्या बाईंनी वर्गात हाच खेळ शिकवला. घरी येऊन तिने सहज विचारले, "आजोबा, इंदूरच्या आजोबांचे म्हणणे नक्की काय होते हो?"

दादांनी सांगायला तोंड उघडले आणि ते थबकले. भावाचा प्रत्येक टोमणा त्यांना पाठ होता. त्याचे म्हणणे मात्र काही केल्या आठवेना.

त्या रात्री इंदूरचा फोन वाजला. कितीतरी महिन्यांनी दादांचा आवाज आला, "तुझे म्हणणे काय होते रे? पुन्हा एकदा सांग. या वेळी मी मध्ये बोलणार नाही."